शेवटची तीन प्रकरणं

४ जानेवारी

चि. टिंबू,

हे पत्र मी जाड काळ्या मार्करने, पुठ्ठ्याच्या खाचेतून लिहितोय. सूनबाईनं पुठ्ठ्याला ओळीगणिक खाचा पाडून दिल्यात, म्हणजे ओळ पळत नाही. अक्षर कसं येतंय ते मला दिसत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधली नजर गेली, कडेची राहील. दाराची चौकट दिसते, दारातलं माणूस दिसत नाही. पान दिसतं, समास दिसतो, मजकूर नाही. चाळीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला नशिबानं समास तेवढा ठेवला.

फोनवर आपलं तीन मिनिटांत वाजतं, म्हणून लिहितोय.

तू पाठवलेला स्पीकरचा डबा आणि पेन ड्राइव्ह पोचला. तुझ्या आवाजातली दोन पुस्तकं ऐकली. स्पष्टच सांगतो, हे वाचन नव्हे. वाचन डोळ्यांनी होतं. माणूस स्वतः वाचतो तेव्हा पात्रांना आवाज तो देतो. इथे सगळे तुझ्याच आवाजात बोलतात, म्हातारा, पोरगी, घोडेवाला. पूर्वी डुलकी लागली की पुस्तक छातीवर मिटून पडायचं आणि माझी वाट बघायचं. हे बघत नाही. मी घोरत होतो आणि तू दोन प्रकरणं पुढे निघून गेलीस.

तुझं वाचन म्हणशील तर वाक्याच्या शेवटी आवाज गिळतेस आणि दुःखाची जागा आली की नाटक करतेस. पण सूनबाईपेक्षा बरं. मुलगा सहा-सहा महिने कामावर बाहेर, म्हणून एकदा तिला वाचायला सांगितलं. किराण्याची यादी वाचावी तसं वाचलं. अर्ध्या पानावर मी म्हटलं, ठेव ते, तुझ्या हातात पुस्तक शोभत नाही. त्यानंतर तिनं पुस्तकाला हात लावलेला नाही. दिवसभर मशीनवर बसून लोकांचे कपडे उसवते आणि पुन्हा शिवते. मी ऐकत असताना मशीन बंद ठेवायला सांगितलंय. खडखडाटात तुझा आवाज जातो.

आणखी काही असेल तर पाठव. वेळ जात नाही म्हणून म्हणतोय.

तुझा
दादा


२० जानेवारी
(पेन ड्राइव्हवर, पुस्तकाच्या आधी)

दादा,

पत्र मिळालं. ओळी सरळ आहेत. दोन ठिकाणी एकावर एक चढल्यात, तिथे मला शिव्याच दिल्या असशील असं धरून चालले.

मी बूथमध्ये बसून बोलतेय. कपाटाएवढी खोली, भिंतींना फोम, पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. पोटात गुरगुरलं तरी काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट हात वर करतो आणि वाक्य पुन्हा घ्यावं लागतं. रेशमी कपडा चालत नाही, सळसळतो. मला हे काम दिलं तेव्हा विचारलं, वाचायचा अनुभव किती. मी म्हटलं, नऊ वर्षांची असल्यापासून.

आठवतं का? तू छापखान्यात नुकता लागलेला, मुद्रितं घरी आणायचास. तुझ्या हातात छापलेला कागद, माझ्या हातात मूळ हस्तलिखित. मी मोठ्यानं वाचायचं, तू जुळवायचंस. नुसतं वाचायचं नाही, सगळं उच्चारायचं. "तो उठला स्वल्पविराम दार उघडलं पूर्णविराम परिच्छेद." अनुस्वार आला की टिंब म्हणायचं, त्यावरून माझं नाव टिंबू पडलं. एकदा कुणाची तरी आई मेली तिथे माझा आवाज फुटला, तर तू पट्टी मारलीस. अर्थ लावू नकोस, म्हणालास, नुसतं वाच. आज मला वाचायचे पैसे मिळतात ते अर्थ लावण्याचे. तेव्हा नाटक म्हण, काही म्हण, आता पट्टी माझ्यापर्यंत पोचत नाही.

या वेळी एक अनुवादित कादंबरी पाठवतेय. लेखक परदेशी, वारलेला, त्याचं नाव मला उच्चारता येत नाही म्हणून वगळलंय. एकूण सतरा प्रकरणं आहेत, यात पाच. ऐक आणि कळव.

तुझी
टिंबू


११ फेब्रुवारी

चि. टिंबू,

पाच प्रकरणं झाली. बाकीची कुठे आहेत?

पहिल्या दिवशी कुरकुरतच बसलो. रेल्वेच्या फाटकावर गेट उघडझाप करणारी एक बाई, तिच्यात काय ऐकायचं, म्हटलं. पण तो साहेब तपासणीला येतो आणि ती घड्याळ लपवते, तिथे मी खुर्चीत सरसावून बसलो. अडलेल्या बाईची गाडी जाऊ द्यावी म्हणून ती गेट मिनिटभर उशिरा बंद करते, आणि साहेब त्या एका मिनिटासाठी तिला तीन महिने बिनपगारी घरी बसवतो. तो हलकट नाही, हीच गंमत आहे. तो नियमाचा माणूस आहे. लेखकानं त्याला कुठेही शिवी दिलेली नाही. ही ताकद सगळ्यांना नसते.

ऐकण्याचा त्रास मात्र आहेच. आवडलं त्या ओळीखाली रेघ मारता येत नाही. मागचं पान उलटता येत नाही. घड्याळाचा परिच्छेद मी तीनदा ऐकला, म्हणजे सूनबाईला तीनदा हाका मारल्या. ती दर वेळी चुकीचं बटण दाबून मला दुसऱ्या प्रकरणात नेऊन सोडते. हल्ली माझ्या खोलीत बसूनच हातशिलाई करते. मशीन बंद, मग करणार काय.

मनात आलं ते लिहितो. माणसानं लिहावं तर असं. तुझी ती वही आठवते का, सत्ताविसाव्या वर्षी मला दाखवलेली? मी तेव्हा म्हटलं होतं की टिंबू, तू वाचणारी आहेस, लिहिणारी नाहीस. लाल शाईनं वहीभर जे केलं ते तुला लागलं, हे ठाऊक आहे मला. पण आज हे ऐकताना वाटलं, केलं ते बरोबरच केलं. जगात अशी पुस्तकं असताना तुझ्या वहीनं कागद कशाला खराब करायचा.

लवकर पाठव.

दादा


१ मार्च
(पेन ड्राइव्हवर)

दादा,

सहा ते चौदा पाठवतेय. घसा बसला होता म्हणून उशीर.

वहीचं तू लिहिलंस ते वाचलं.

एक काम कर. कादंबरी चांगली आहे असं मोघम लिहू नकोस. काय चांगलं आहे ते नीट लिही, वाक्यं कशी आहेत, माणसं कशी आहेत. इथे सगळ्यांना तुझं मत हवंय. मी सांगितलंय की माझा भाऊ कुणाला सहज चांगलं म्हणत नाही.

टिंबू


२५ मार्च

चि. टिंबू,

नीट लिहितो.

वाक्यं छोटी आहेत पण तुटक नाहीत. कुठे थांबायचं ते या माणसाला कळतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पूर्णविराम योग्य जागी बसवले, याचा एकही हलवावासा वाटला नाही. आणि मी फक्त ऐकतोय, तरी मला ते पूर्णविराम दिसतात. हे माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही. बाराव्या प्रकरणात ती फाटकवाली तीन महिन्यांनी कामावर परत येते आणि काही न बोलता साहेबापुढे सही करते. मी रडलो. सूनबाई समोर होती, तिनं पाहिलं. पाहू दे.

तुला म्हणून सांगतो. डोळे गेले तेव्हा ठरवलं होतं की आपलं संपलं, आता नुसतं जेवायचं आणि झोपायचं. या पुस्तकानं मला सकाळी उठायला लावलं. मी दाढी करून ऐकायला बसतो.

याचं छापील पुस्तक मागव. वाचता येणार नाही, पण हातात धरायचं आहे. अनुवादक कोण ते कळव, त्याला पत्र लिहायचं आहे. चाळीस वर्षांत मी कुणाला असं पत्र लिहिलं नाही.

शेवटची तीन ताबडतोब पाठव. साहेबाचं काय होतं ते कळल्याशिवाय माझा जीव जाणार नाही.

तुझा
दादा


६ एप्रिल
(पेन ड्राइव्हवर. याच्यापुढे पुस्तक नाही.)

दादा,

तुझं पत्र मी बूथमध्ये बसून वाचलं. दार लावून घेतलं, म्हणजे बाहेर आवाज जात नाही. सहा वेळा वाचलं. सहासष्ट वर्षांची बाई मी, आणि शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीसारखी बसले होते.

अनुवादक कुणी नाही. परदेशी लेखकही नाही. ही कादंबरी माझी आहे.

जे पत्र लिहायचं म्हणतोस ते तुझं लिहून झालंय, माझ्याकडे आहे. तरी पुन्हा एकदा लिही. या वेळी मला, माझ्या नावानं. एवढं कर, शेवटची तीन प्रकरणं त्याच दिवशी पाठवते.

टिंबू


१५ एप्रिल

चि. टिंबू,

तुला काय वाटलं, मी ओळखलं नव्हतं?

अगं, पहिल्याच पानाला ओळखलं. ही तुझी तीच जुनी वही. मी एकदा तपासलेला मजकूर विसरत नाही, हे छापखान्यातलं पोरगंही तुला सांगेल. फाटक, घड्याळ, साहेब, सगळं होतं त्या वहीत. माझ्या लाल खुणांप्रमाणे सुधारलंयस, म्हणून ऐकवतं तरी. म्हणजे त्यात जे चांगलं आहे ते कुणाचं, ते तूच ठरव.

मग स्तुती का केली, विचारशील. बाई गं, आंधळा माणूस आहे मी. वाचून दाखवणारं घरात कुणी नाही. तुला खूश ठेवलं नाही तर डबा बंद पडतो. तुला एवढं हवंच होतं लहानपणापासून, तर म्हटलं, देऊन टाकू. रडलो वगैरे लिहिलं, ते तुझ्यासारखंच थोडं नाटक. तुला जमतं, मला का जमू नये.

आता ते माझ्या नावानं लिही वगैरे सोड. या वयात शोभत नाही. उरलेली तीन पाठव म्हणजे झालं.

दादा


२ मे
(कागदावर)

दादा,

या वेळी माझा आवाज नाही. पत्र कागदावर आहे, त्यामुळे ते तुला सूनबाईच वाचून दाखवत असणार. सूनबाई, घाई करू नकोस. स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला जास्त थांब. तुला सवय नाही, पण त्या घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा तुझ्यावरच भागवायला हवं.

दादा, त्या वहीत फाटक नव्हतं. घड्याळ नव्हतं, साहेबही नव्हता. त्या वहीत वसतिगृहात राहणाऱ्या दोन मुली होत्या आणि त्यांची एक मांजर होती. तू परत केलीस त्या आठवड्यात मी ती गच्चीवर पत्र्याच्या डब्यात जाळली. शेवटचं पान जळेना, ओलं झालं होतं, ते हातानं फाडलं.

ही कादंबरी मी गेल्या सहा वर्षांत लिहिली. कुणालाही दाखवली नाही. तू पहिल्या पानाला ओळखलीस म्हणतोस, ते तुझ्याआधी काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टशिवाय जगात कुणीही पाहिलेलं किंवा ऐकलेलं नाही.

म्हणजे तुला आठवत होतं हे खोटं. ओळखलं हेही खोटं. मग उरलं काय, तर २५ मार्चचं पत्र. ते तेवढं खरं आहे. तू रडलास, दाढी करून बसलास, एकही पूर्णविराम हलवावासा वाटला नाही. सगळं तुझ्या अक्षरात माझ्याकडे आहे. मी ते पत्र फ्रेम करायला टाकलंय, बूथच्या बाहेर लावणार आहे. जन्मभर तपासणी करणारा माणूस एका पत्रात स्वतःच सापडला.

सोबत शेवटची तीन प्रकरणं आहेत. छापून घेतली, चांगल्या कागदावर, समास ऐसपैस सोडलाय. समास तुला दिसतो ना? वाचन डोळ्यांनीच होतं, हे तूच लिहिलं होतंस, तेव्हा वाच. नाही जमलं तर जिच्या हातात पुस्तक शोभत नाही म्हणालास तिच्यापुढे हात जोड आणि ऐक, किराण्याच्या यादीसारखं.

पण शेवट ऐक. माझ्यावर कितीही चिडलास तरी शेवटची पाच पानं ऐक. मला तोंडानं कधी सांगता येणार नाही ते तिथे लिहिलंय, आणि ते फक्त तुझ्यासाठी आहे. ऐकून झाल्यावर एकच ओळ लिही. खरी. त्यानंतर मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही.

टिंबू


२१ मे

आत्याबाईंना नमस्कार.

मी तुमची भाचेसून. मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र मी मामंजींना सगळं वाचून दाखवलं. खोटं सापडलं तिथे मी विचारलं, थांबू का. ते म्हणाले, वाच. मी वाचलं. स्वल्पविरामाला थांबले, पूर्णविरामाला जास्त थांबले. फ्रेमचं आलं तेव्हा त्यांनी पुठ्ठा हातात घेतला आणि नुसता धरून बसले. दोन दिवस जेवले नाहीत नीट. दाढी तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. हात काही जोडले नाहीत, पण आवाज जोडल्यासारखाच होता. प्रकरणं वाचशील का, म्हणाले. मी म्हटलं, मला यादीसारखं येतं वाचता. म्हणाले, चालेल. मी म्हटलं, दिवसभर मशीन चालू राहील, संध्याकाळी वाचीन. त्यालाही चालेल म्हणाले. चार महिने माझं मशीन बंद होतं, आत्याबाई. सहा गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. मामंजींची पत्रं पाकिटात मीच घालते, त्यांत ते आलं, पण एका ओळीत.

पंधरा आणि सोळा जसं होतं तसं वाचलं. सतराव्याची शेवटची पाच पानं मी आधी एकटीनं वाचली. साहेबाला छातीत कळ आलेली, त्याची गाडी फाटकाशी उभी, तिकडून एक्स्प्रेस येतेय. नियमानं फाटक बंद. आणि तुमची ती बाई लाल झेंडा घेऊन रुळावर धावते, एक्स्प्रेस थांबवते, फाटक उघडते, साहेबाला जाऊ देते. नोकरी जाणार हे माहीत असून. आणि मनात म्हणते, जा, तुझं एक मिनिट तुला परत केलं.

तो साहेब कोण, हे मला पहिल्याच प्रकरणात कळलं होतं. ऐकता ऐकता हातशिलाई करत मी तिथेच तर बसले होते. मामंजींना सतरा प्रकरणांत कळलं नाही. शेवटी तुम्ही त्यांना माफ केलंत, तेही कळलं. पण मला ते पटलं नाही. कपडा अंगाला बसत नसेल तर मी तो उसवते, माझं कामच आहे ते. तुमचा शेवट मला कुठेच बसेना.

म्हणून मी माझा वाचला. म्हणजे पानं हातात धरली आणि मनानं सांगितलं. गाडीत साहेब कळवळतोय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. ती बाई घड्याळ बघते. फाटक बंदच ठेवते. एक्स्प्रेस येते, ती डबे मोजते, बावीस भरतात. शेवटचा डबा गेल्यावर नियमानं अजून एक मिनिट थांबते, आणि मगच फाटक उघडते. गाडीजवळ जाऊन काचेतून बघते. साहेबाचे डोळे उघडे असतात, पण बघत नसतात. ती वहीत वेळ लिहिते, सही करते आणि डबा उघडून जेवायला बसते. एवढंच.

मामंजी खुर्चीत सरसावून बसले. मग म्हणाले, काय लिहून गेली पोरगी. माझ्या पायाजवळ पडलेला पुठ्ठा मागितला आणि तुम्हाला हवी होती ती ओळ लिहिली. त्यांच्या अक्षरातच सोबत पाठवतेय. तुम्हाला लावता आली नाही तर म्हणून इथे उतरवते.

"टिंबू, शेवट ऐकला. आधीची सगळी कादंबरी एकीकडे आणि ती शेवटची पाच पानं एकीकडे. त्या पाच पानांपुढे मी टोपी काढतो. ही ओळ खरी आहे. दादा."

ती फ्रेम करायची तर करा. मार्करची शाई उन्हात उडते, आतल्या भिंतीला लावा.

तुम्ही त्यांच्यासाठी जे लिहिलं होतंत ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही. माझ्यापाशी आहे, कपड्यांच्या कपाटात, नीट घडी घालून ठेवलंय. त्यांना खरं सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. पेन ड्राइव्ह पाठवलात तर बटण मीच दाबते, आणि माझ्याकडून चुकीचं दाबलं जातं, हे तुम्हाला त्यांनी कळवलंच आहे. फोन ते तुमचा घेत नाहीत.

त्यापेक्षा पत्रच लिहा. आलं की वाचून दाखवीन, मला जमेल तसं.

तुमची
भाचेसून